सनद, सोडत आणि मानकरी: अमेरिकेतल्या चार्टर शाळा समजून घेताना

फिनिक्सला राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीने मध्यंतरी घरच्या ग्रुपवर टाकलं, "धाकटीचा चार्टर स्कूलच्या लॉटरीत नंबर लागला!" साताऱ्याहून आत्याचा लगेच प्रश्न, "अगं वा! फी किती?"

"फी नाही आई. सरकारी पैशावर चालते."

"सरकारी आहे तर लॉटरी कशाला?"

"सरकारी म्हणजे… चालवते वेगळीच संस्था."

"मग अनुदानित म्हण की सरळ."

यावर बहिणीने हात जोडले आणि "दादा, तूच समजाव आता" म्हणून ती मोकळी झाली.

समजवायला बसलो तेव्हा लक्षात आलं, आत्याने जे विचारलं तेच अमेरिकेत गेली पस्तीस वर्षं विचारलं जातंय. फी नाही तर पैसा कुणाचा? सरकारी आहे तर सगळ्यांना प्रवेश का नाही? आणि चालवणारा बाहेरचा असेल तर ती सरकारी कशी?

तिकडे दर मे महिन्यात 'राष्ट्रीय चार्टर शाळा सप्ताह' पाळतात. २००० साली बिल क्लिंटन यांनी त्याचा जाहीरनामा काढला. पुढे बुश, ओबामा आणि ट्रम्प यांनीही काढले. या चौघांचं एकमत झालेले विषय शोधायचे तर दुर्बीण लागेल. चार्टर शाळांची राष्ट्रीय संघटना २००७पासून ही चळवळ घडवणाऱ्यांचा सन्मानही करते, मानकऱ्यांची यादीच आहे त्यांची. पण कौतुकाच्या भाषणांत एक मजेशीर गोष्ट निसटून जाते. ज्याला या चळवळीचा जनक म्हणतात त्याने पाच वर्षांत तिच्याकडे पाठ फिरवली. ज्याने 'चार्टर' हा शब्द दिला त्याला नव्या शाळा काढायच्याच नव्हत्या. आणि जिने पहिला कायदा करून घेतला ती मंजूर झालेल्या मसुद्यावर नाराज होती. ही भानगड उलगडली की चार्टर शाळाही उलगडते.

आधी शब्द

'चार्टर' आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ओळखीचा आहे. १६०० साली राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला दिली ती चार्टर. हिंदुस्थानातल्या शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला ठेवायला सांगणारा १८१३चा कायदा, तो चार्टर अॅक्ट. आपला शब्द सनद. सनद देणारा काही अधिकार देतो, घेणारा त्या बदल्यात काही चाकरी कबूल करतो. आणि चाकरी झाली नाही तर सनद काढून घेता येते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे.

आता अमेरिकेतली नेहमीची सरकारी शाळा कशी चालते ते बघू. प्रत्येक भागाचं एक निवडून आलेलं शाळामंडळ असतं. आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागासारखं, पण अधिकार बरेच जास्त. शाळांचा पैसा राज्याकडून येतो, स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि थोडा केंद्राकडून. मूल कुठल्या शाळेत जाणार हे साधारणपणे घराच्या पत्त्यावरून ठरतं. श्रीमंत वस्तीत घर असेल तर शाळा चांगली असण्याची शक्यता जास्त. पत्ता बदलायची ऐपत नसेल तर जी शाळा वाट्याला येईल ती.

आपल्याकडे पूर्वी रेशनकार्डावर दुकानाचा क्रमांक असायचा. धान्य तिथूनच घ्यायचं, दुकानदार मापात मारो की 'उद्या या' म्हणो. आता कार्ड दुसऱ्या दुकानातही चालतं, धान्याचा कोटा कार्डाबरोबर फिरतो. चार्टर शाळेत पैसा असाच मुलाबरोबर फिरतो. मूल मंडळाच्या शाळेऐवजी चार्टर शाळेत गेलं की त्याच्या वाट्याचा सरकारी पैसा, सगळा नाही पण बराचसा, तिकडे जातो.

ही शाळा काढतं कोण? काही शिक्षक, काही पालक किंवा एखादी ना-नफा संस्था आराखडा मांडते: कुठल्या वस्तीत, कुठल्या इयत्ता, काय आणि कसं शिकवणार, मुलं शिकली हे कशावरून मोजायचं. आराखडा तपासून सनद देणारी यंत्रणा राज्यागणिक वेगळी. कुठे शाळामंडळ, कुठे विद्यापीठ, कुठे राज्याने नेमलेलं स्वतंत्र मंडळ. सनद ठरावीक मुदतीची असते, बऱ्याच ठिकाणी पाच वर्षांच्या आसपास. तेवढा काळ शाळेला वेळापत्रक, शिक्षकांची नेमणूक, पगाराची पद्धत, शाळेचे तास यांत मोकळीक. फी घ्यायची नाही, धर्म शिकवायचा नाही, विशेष गरजा असलेल्या मुलाला दाराबाहेर ठेवायचं नाही, राज्याच्या परीक्षा द्यायच्याच. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. मुदत संपली की हिशेब, आणि हिशेब जमला नाही तर शाळा बंद.

आज चाळीसहून अधिक राज्यांत मिळून अशा आठ हजारांच्या आसपास शाळा आहेत आणि त्यांत ३७ लाखांच्या घरात मुलं शिकतात. सरकारी पैशावर शिकणाऱ्या साधारण तेरा मुलांमागे एक.

कल्पना एकाची, भाषण दुसऱ्याचं

रे बडी हे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शाळांचं प्रशासन शिकवणारे प्राध्यापक. १९७४ साली त्यांनी एक निबंध वाचला. शाळामंडळाने शिक्षकांच्या गटांना थेट सनद द्यावी, मधल्या साहेबांची उतरंड टाळून. दर्यावर्दी हेन्री हडसन याचा १६०९ साली डच ईस्ट इंडिया कंपनीशी झालेला करार त्यांना नमुना म्हणून आवडला होता. या कराराची गंमत अशी, की त्यात ईशान्येकडून आशियाला जाणारा मार्ग शोधायचं ठरलेलं. हडसन निघाला, बर्फ आडवा आला, आणि पठ्ठ्या पश्चिमेला वळून अमेरिकेला पोचला. न्यूयॉर्कमधून वाहणाऱ्या नदीला आज त्याचं नाव आहे. बडींच्या कल्पनेचा प्रवास पुढे असाच होणार होता.

निबंधाची कुणी दखल घेतली नाही. चौदा वर्षांनी, १९८८ मध्ये, बडींनी तो विस्तारून पुन्हा छापला. त्याच उन्हाळ्यात रविवारचा न्यूयॉर्क टाइम्स वाचताना त्यांच्या बायकोने हाक मारली: अहो, पेपरात नाव आलंय तुमचं!

नाव घेतलं होतं अल्बर्ट शँकर यांनी. शँकर म्हणजे अमेरिकेतल्या दोन मोठ्या शिक्षक संघटनांपैकी एकीचे अध्यक्ष. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बेकायदा संप केल्याबद्दल दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. असा माणूस शाळासुधारणेवर बोलतो तेव्हा लोक कान टवकारतात. १९८७ साली ते जर्मनीतल्या कोलोन शहरातली एक शाळा बघून आले होते. तिथे शिक्षकांचा एक चमू मुलांच्या एका गटाला पाचवीपासून दहावीपर्यंत सांभाळायचा; वेळापत्रक, विषय, कुणी काय शिकवायचं, सगळं ते शिक्षकच ठरवायचे. शँकर भारावून परतले. ३१ मार्च १९८८ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये त्यांनी प्रस्ताव ठेवला: सहा किंवा अधिक शिक्षकांनी एकत्र यावं, शाळेच्या आतच वेगळी शाळा उभारावी, संघटना आणि मंडळ या दोघांनी ती मंजूर करावी, काही वर्षं कुणी हात लावू नये. नेहमीच्या पद्धतीत मागे पडणारी मुलं तिथे घ्यावीत, जे जमेल ते इतर शाळांना शिकवावं. पुढे नाव शोधताना त्यांना बडींचा शब्द सापडला.

शँकर यांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा होती. दुकानासमोर दुसरं दुकान हे चित्र त्यांचं नव्हतं. ते रंगवलं मिनेसोटातल्या मंडळींनी.

सरोवराकाठची बैठक आणि एक फसलेला-जमलेला कायदा

ऑक्टोबर १९८८ मध्ये मिनेसोटात गल नावाच्या सरोवराकाठी शिक्षणावर एक परिषद भरली आणि शँकर तिथे बोलले. ऐकणाऱ्यांत एम्बर राईशगॉट होत्या, राज्याच्या सेनेटमधल्या डेमोक्रॅट सदस्य. त्याच सुमारास टेड कोल्डरी हे धोरण-अभ्यासक वेगळ्या बाजूने विचार करत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एका भागात शाळा चालवायचा मक्ता एकाच मंडळाकडे असेल तर त्याला बदलायची गरज वाटणारच नाही, म्हणून राज्याने मक्ता मोडावा. यात शिक्षकांच्या स्वातंत्र्याइतकाच पालकांच्या निवडीला मान होता.

राईशगॉट यांनी विधेयक आणलं. दोन वर्षं ते खालच्या सभागृहात अडकलं, संघटनांचा विरोध होता. १९९१ साली तडजोड झाली: साऱ्या राज्यात फक्त आठ शाळा, स्थानिक मंडळाची संमती लागणार, शाळेच्या संचालक मंडळात परवानाधारक शिक्षकांचं बहुमत हवं. राईशगॉट हिरमुसल्या. ज्या मंडळांचा मक्ता मोडायचा त्यांचीच परवानगी घ्यायची, हे म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. कोल्डरींनी समजूत काढली, जे मिळतंय ते घ्या. रिपब्लिकन गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी सही केली आणि अमेरिकेतला पहिला चार्टर कायदा झाला.

सप्टेंबर १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली, सिटी अकॅडमी. मायलो कटर आणि टेरी क्राबेल हे दोन शिक्षक, पालिकेच्या क्रीडा-केंद्राच्या इमारतीतली जागा, आणि शाळा सोडून गेलेली मोजकी मुलं. शँकर यांच्या स्वप्नाच्या इतक्या जवळ जाणाऱ्या शाळा पुढे फार थोड्या निघाल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला, १९९४ मध्ये केंद्र सरकारने निधी सुरू केला आणि कल्पना धावत सुटली. शँकर मात्र १९९३च्या सुमारास उघड टीका करू लागले होते. नफा शोधणाऱ्या कंपन्या शिक्षणात शिरत होत्या, शिक्षकांची संघटना टाळण्यासाठी चार्टरचा रस्ता वापरायला अनेक जण उत्सुक होते. ज्या गोष्टीचे आपण जनक म्हणवले जातो ती आपली राहिली नाही, हे त्यांना दिसत होतं. १९९७ साली ते गेले.

आता आत्याच्या प्रश्नांकडे.

"ही खासगीच की. नाव तेवढं वेगळं"

मुंबईत बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बस बघा. गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा. पण मार्ग बेस्टचा, तिकिटाचा दर बेस्टचा, गाडीवर नाव बेस्टचं. ही सरकारी बस की खासगी? प्रवाशाच्या दृष्टीने बेस्ट. चालकाला विचाराल तर तो पगारपत्रक दाखवेल. चार्टर शाळेचं उत्तरही कुठून बघता त्यावर बदलतं.

हा वाद नुसता शब्दांचा नाही. ओक्लाहोमा राज्यात कॅथलिक चर्चला सेंट इसिडोर नावाची ऑनलाइन चार्टर शाळा काढायची होती, उघडपणे धार्मिक, सरकारी पैशावर. चार्टर शाळा सरकारी असेल तर तिथे धर्म शिकवता येणार नाही. ती सरकारशी करार केलेली खासगी संस्था असेल तर निव्वळ धार्मिक म्हणून तिला नाकारणं हा भेदभाव ठरू शकतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेला नकार दिला. प्रकरण वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट खटल्यातून बाजूला झाल्या होत्या, उरलेल्या आठांत चार-चार अशी फूट पडली आणि २२ मे २०२५ रोजी कुठलंही कारण न देता खालचा निकाल कायम झाला. प्रश्न सुटला नाही, नुसता पुढे ढकलला गेला. पुन्हा असं प्रकरण आलं आणि निकाल उलटा लागला तर जवळपास सगळ्या राज्यांचे चार्टर कायदे नव्याने लिहावे लागतील.

व्हाउचर मात्र वेगळी चीज आहे. त्यात सरकार पालकांना खासगी शाळेच्या फीसाठी पैसे देतं. आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांवर मूल खासगी शाळेत जातं आणि सरकार शाळेला भरपाई देतं, ते व्हाउचरच्या जवळचं. (भरपाई वेळेवर मिळत नाही ही संस्थाचालकांची तक्रार, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

"हुशार मुलं उचलायची आणि निकाल मिरवायचा"

हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत रास्त. चार्टर शाळेसाठी अर्ज भरणारे पालक मुळातच धडपडे असतात. त्यांचं मूल कुठेही बरं शिकलं असतं, मग शाळेचं कौतुक कशाला?

इथे सोडत कामाला येते. आरटीईची सोडत आठवा: एकाच गल्लीतल्या दोन मुलांचे अर्ज, दोघांचे पालक तितकेच धडपडे, एकाचा नंबर लागतो, दुसऱ्याचा नाही. ही निव्वळ नशिबाची विभागणी. पाच वर्षांनी दोघांची प्रगती ताडून बघितली तर फरक शाळेचाच म्हणावा लागेल. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. बॉस्टनमध्ये सोडत जिंकलेली मुलं सोडत हरलेल्यांच्या पुष्कळ पुढे गेलेली दिसली, विशेषतः गणितात.

तरी आक्षेप पुरता मिटत नाही. सोडत फक्त जास्त मागणी असलेल्या शाळांत निघते, आणि त्या बऱ्या असणारच. शिवाय फिल्टर बारीक जाळीचेही असतात. स्कूलबस न ठेवणं, पालकांनी अमुक तास यावं अशी अपेक्षा ठेवणं, शिस्तीच्या नावाखाली एखाद्याला वारंवार घरी पाठवणं, मधल्या वर्षी कुणी सोडून गेलं तर ती जागा भरायचीच नाही. दारावर पाटी 'सर्वांना प्रवेश', आणि उंबरठा मात्र गुडघ्याएवढा.

बॉस्टनचे इतके चांगले निकाल समोर असूनही मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१६ साली चार्टर शाळांची मर्यादा वाढवायचा प्रस्ताव साठ टक्क्यांहून जास्त मतांनी फेटाळला. त्याचं मुख्य कारण पैसा.

"आमच्या शाळेचा पैसा पळवतात"

तीस मुलांच्या वर्गातून तीन मुलं चार्टरला गेली. तिघांच्या वाट्याचा पैसाही गेला. पण वर्गाचा पंखा तेवढाच फिरतो, बाई एकच लागतात, छप्पर तेवढंच गळतं. दहा टक्के उत्पन्न गेलं म्हणून दहा टक्के खर्च कमी होत नाही. मंडळ शेवटी संगीत शिक्षक काढतं, नाहीतर एखादी शाळा बंद करून दुसरीत मिसळतं. आणि मागे राहतात ती बहुधा अशाच घरांतली मुलं, जिथे अर्ज भरायला कुणाला उसंत नाही.

चार्टरवाले म्हणतात, पैसा मुलासाठी आहे, इमारतीसाठी नाही. तेही खरं. काही राज्ये मूल गेल्यावर मंडळाला काही काळ भरपाई देऊन धक्का मऊ करतात. माझ्या मते या वादात दोन्ही बाजू बरोबर आहेत, आणि म्हणूनच तो मिटत नाही. कृष्णवर्णीयांची सर्वांत जुनी नागरी हक्क संघटना एनएएसीपीने २०१६ मध्ये नव्या चार्टर शाळा तूर्त थांबवा अशी मागणी केली, आणि तेव्हा तिच्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत कितीतरी कृष्णवर्णीय पालकच होते.

"निकाल सांगा, बाकी राहू द्या"

स्टॅनफर्ड विद्यापीठातलं क्रेडो हे केंद्र चार्टर शाळेतल्या मुलाची तुलना त्याच्यासारख्याच पार्श्वभूमीच्या सरकारी शाळेतल्या मुलाशी करतं. २००९चा त्यांचा अहवाल चळवळीला झोंबला: गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस, ३७ टक्के कमी आणि उरलेल्या जवळपास सारख्याच. २०२३च्या अहवालात चित्र पालटलं. सरासरीने चार्टरची मुलं वाचनात वर्षाला १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे. दिवस हा इथे समजायला सोपा व्हावा म्हणून घेतलेला हिशेब आहे. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं धरतात.

सहा दिवस म्हणजे काही डोंगर नव्हे. पण सरासरी ही अशा ठिकाणी फसवी असते. शहरांतल्या गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना बराच जास्त फायदा दिसतो. आणि ऑनलाइन चार्टर शाळा? २०१५च्या अभ्यासात त्यांतली मुलं गणितात १८० दिवस मागे होती. म्हणजे वर्षभर शाळेत गेलीच नाहीत म्हणा ना.

"आणि शाळाच बंद झाली तर?"

इथे आपण पुन्हा सनदेच्या त्या वाक्यापाशी येतो.

ओहायोमध्ये ईकॉट नावाची भली मोठी ऑनलाइन चार्टर शाळा होती. पटावर १५ हजारांवर मुलं, प्रत्येकामागे सरकारी पैसा. अधिकाऱ्यांनी हजेरीच्या नोंदी मागितल्या तेव्हा पूर्णवेळ शिकल्याचा पुरावा जेमतेम सहा हजार मुलांचा निघाला. बोगस पट आपल्याकडच्या वाचकाला नवा नाही. २०११ साली राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली ती आठवत असेलच. ओहायोने एका वर्षाचे सहा कोटी डॉलर परत मागितले. जानेवारी २०१८ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या ऐन मध्यावर, शाळा बंद पडली आणि हजारो मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. थांब्यावर उभं असताना कंत्राटदाराने गाड्या काढून घ्याव्यात तसं. पण माझ्या लेखी यातला खरा दोष बंद करण्याचा नाही, उशिराचा आहे. शाळा उघडली २००० साली. सतरा वर्षं सनद कुणी नीट वाचलीच नाही.

दुसरं टोक न्यू ऑर्लिन्स. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने शहर बुडालं. राज्याने बहुतेक शाळा ताब्यात घेतल्या आणि हळूहळू चार्टरकडे दिल्या. काही वर्षांत साऱ्या शहरात जवळपास फक्त चार्टर शाळा उरल्या. निकाल न देणाऱ्या शाळांच्या सनदा खरोखरच काढून घेतल्या गेल्या आणि दुसऱ्यांना दिल्या. परीक्षांचे गुण, शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण, तिन्ही वाढल्याचं तिथल्याच टुलेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. किंमतही मोजली गेली. वादळानंतर सात हजारांहून अधिक कर्मचारी एका फटक्यात काढले, त्यांत वर्षानुवर्षं शिकवलेले कृष्णवर्णीय शिक्षक मोठ्या संख्येने. कोपऱ्यावरच्या शाळेऐवजी मुलं शहर ओलांडून जाऊ लागली. शेवटी २०२४ मध्ये मंडळाने स्वतः चालवायची एक शाळा पुन्हा उघडली.

मग सन्मान कुणाचा?

मानकऱ्यांत राईशगॉट आहेत आणि ते योग्यच. नाराज असतानाही अर्धी भाकरी घ्यायला राजकारणात धमक लागते. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मला डॉन शाल्वी जास्त आवडतात. ते कॅलिफोर्नियात सॅन कार्लोसच्या शाळांचे अधीक्षक होते, म्हणजे ज्यांचा मक्ता मोडायचा त्यांच्यातलेच. १९९४ साली राज्यातली पहिली चार्टर शाळा त्यांनी स्वतःच्या हद्दीत उघडू दिली आणि पुढे नोकरी सोडून अॅस्पायर ही शाळांची साखळी उभी केली. मिलवॉकीचे हॉवर्ड फुलर हे आणखी वेगळं रसायन. साठच्या दशकातले कृष्णवर्णीय चळवळीचे कार्यकर्ते, १९९१ ते १९९५ शहराच्या शाळांचे प्रमुख, आणि मग गरीब पालकांना निवडीचा हक्क हवा म्हणून चार्टर आणि व्हाउचर दोन्हींच्या बाजूने उभे राहिलेले. त्यांना डावे म्हणायचं की उजवे यावर लोक अजून भांडतात.

पण शाळा काढणाऱ्यांना हार घालणं सोपं आहे. फीत कापतानाचा फोटो असतो. ज्या अधिकाऱ्याने चांगल्या हेतूने काढलेली, पालकांना आवडणारी, पण मुलांना न शिकवणारी शाळा बंद करण्याच्या कागदावर सही केली, भर सभेत शिव्या खाल्ल्या आणि प्रत्येक मुलाला दुसरी शाळा मिळेपर्यंत फोन केले, त्याचा फोटो कुठे नसतो. सगळी कल्पना उभी आहे ती त्या सहीवर. ती झाली नाही की चार्टर शाळा म्हणजे उरते नुसती मोकळीक.

आत्या म्हणते ते कितपत बरोबर?

अनुदानित शाळेशी साम्य आहेच. संस्था खासगी, पगार सरकारी. रयतसारख्या संस्थांनी कर्मवीरांच्या काळापासून गावोगाव शाळा नेल्या त्या याच रस्त्याने पुढे वाढल्या. फरक दोन. आपल्याकडे अनुदान येतं शिक्षकांच्या पगारापोटी, संचमान्यतेच्या हिशेबाने. मुलाच्या पाठीवर बसून ते या शाळेतून त्या शाळेत जात नाही. आणि एकदा १०० टक्के अनुदान लागलं की 'मुलं किती शिकली ते दाखवा, नाहीतर परत द्या' असं कुणी विचारत नाही. आझाद मैदानावर शिक्षक अनुदानाच्या टप्प्यासाठी उपोषणाला बसतात ते म्हणूनच. एकदा मिळालं की ते कायमचं असतं.

चार्टरच्या जास्त जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडे मुंबई आणि पुण्यात आहे. महापालिकांच्या काही शाळा आकांक्षा फाउंडेशन चालवतं: इमारत पालिकेची, मुलं वस्तीतली, फी नाही, शिक्षक संस्थेचे, आणि मध्ये एक करार. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आणलेली 'दत्तक शाळा' योजना मात्र वेगळी. त्यात कंपन्यांनी सरकारी शाळांना वस्तू आणि सुविधा द्यायच्या, शाळा चालवायची नाही. तेव्हा झालेल्या गदारोळात हा फरक फारसा कुणी सांगितला नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. बहिणीला म्हटलं, शाळेचे निकाल बघितलेसच, आता एक काम कर, तिची सनद कधी संपते ते विचार. तिने विचारलं. अॅरिझोनाचा कायदा या बाबतीत भलताच सैल आहे: पहिली सनद १५ वर्षांची, नूतनीकरण झालं की पुढची २०. मधे दर पाच वर्षांनी पाहणी होते, पण मुदत तेवढीच.

आत्याचा मेसेज दोन मिनिटांत आला. "वीस वर्षं? मग ही सनद कसली, इनामच झालं की."